हरकत नसेल तर मंजूर

माझा धाकटा भाऊ आमच्या ऑप्टिशियन संघाचा सेक्रेटरी होता, आणि त्याला त्या पदावरून घालवणारा नियम त्यानेच लिहिला. लोक मला विचारतात, तुमच्या भावाचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी सांगते, डोकं ठिकाणावर आहे, बाकीचं कुठे असतं ते मला ठाऊक नाही.

आमचं दोघांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि फ्रेमी, मागे डोळे तपासायची अंधारी खोली. काउंटर मी बघते, तपासणी तो करायचा, आणि झकास करायचा. रडक्या पोरांनाही बोलतं करायचा. मग त्याची बायको गेली. चार दिवसांचा ताप काय आला आणि गेली. हा रडला नाही, ओरडला नाही, कुणावर चिडलासुद्धा नाही. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. एकदा मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. पठ्ठ्याने सगळी संपवली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

तपासणीला बसवलं तर "हे बरं दिसतं की ते?" असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत भिंग काढून ठेवायचा. गिऱ्हाइकं चष्मे परत घेऊन यायला लागली तेव्हा मीच त्याला त्या खोलीतून उठवलं. राहिला फक्त संघ. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो संघाच्या ऑफिसात जायचा. ऑफिस कसलं, एक टेबल, दोन कपाटं आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. तिथे बसून येईल त्या कागदावर सही करायचा. मला तेवढं पुरे होतं. त्या टेबलापायी का होईना, माणूस अंथरुणातून उठत होता. ते टेबल गेलं तर हा उठणारच नाही, ही भीती मला रोज वाटायची.

आता संघाचं सांगते, दुकानामुळे सभासद मीही आहे. दिवसभर लोकांना हे की ते, हे की ते विचारून आमची माणसं इतकी विटलेली असतात की संध्याकाळी सभेत कुणी काही निवडायला सांगितलं की त्यांच्या जिवावर येतं. म्हणून पद्धतच पडली. अध्यक्षसाहेब ठराव वाचणार, "हरकत नसेल तर मंजूर" म्हणणार, सगळे मूग गिळून बसणार, आणि माझा भाऊ 'एकमताने मंजूर' असं लिहिणार. निवडणुकाही तशाच. साहेब अशाने इतकी वर्षं निवडून येत होते की सभासदांची पोरं धंद्याला लागली तरी अध्यक्ष तेच. माणूस वाईट नाही हो, पण उठायचं नाव नाही.

गेल्या निवडणुकीत कुणीतरी उपाध्यक्ष म्हणून शहराच्या पार त्या टोकाच्या एका जुन्या सभासदाचं नाव सुचवलं. हरकत? कुणाचीच नाही. त्याचीही नव्हती, कारण तो महिन्याभरापूर्वी वारला होता! मला हे कळलं तेव्हा मी पोट धरून हसले. आठवड्याने त्याची बायको दुकानात आली, तेव्हा हसू गेलं.

भाऊ तेव्हा डबा न्यायला आला होता. बाईंनी पर्समधून दोन पत्रं काढून काउंटरवर ठेवली. एक सांत्वनाचं, एक अभिनंदनाचं.

"दोन्हींवर सही तुमचीच आहे," त्या भावाला म्हणाल्या. भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना खरंच विचारायचं होतं. "हे पद त्यांना नको, हे कुणाला कळवायचं असतं?"

भावाने दोन्ही पत्रं वाचली. सही करताना एकही वाचलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मला कळवलंत, झालं," तो म्हणाला. बाई गेल्या तरी तो तिथेच उभा, डबा हातात. मी म्हटलं, अरे गार होतंय. तो हो म्हणाला आणि उभाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो संघाची घटना नव्याने लिहायला बसला. ज्याचं नाव सुचवलं त्याने स्वतः उभं राहून होकार द्यायचा. गप्प बसणं म्हणजे होकार धरायचा नाही. आणि कुठल्याही पदावर दोनच मुदती, मग बाहेर. हे शेवटचं वाचलं आणि माझं टाळकं सणकलं.

"अरे, तुझ्या दोन कधीच झाल्या, यात पहिला तू जातोस!"

"हो."

"मग सध्याच्या पदाधिकाऱ्यांना लागू नाही, अशी एक ओळ घाल की. सगळीकडे घालतात."

"नको, ताई."

"का नको?"

तो पुढचं कलम लिहायला लागला. आवाज चढवला तरी लिहीतच. ढिम्म! मी वहीच फेकणार होते, पण ती दुकानाच्या बिलांची वही निघाली.

आणि मग अध्यक्षसाहेब चष्म्याची नाकावरची पट्टी बदलून घ्यायच्या निमित्ताने दुकानात आले. "तुमचा भाऊ स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोय, आणि माझ्याही," ते म्हणाले. "सध्याच्यांना लागू नाही, अशी ओळ मी दुरुस्ती म्हणून मांडतो. तुम्ही तेवढी साथ द्या." जन्मात पहिल्यांदा त्यांचं-माझं पटलं.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. साहेबांनी दुरुस्ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हरकत नसेल तर मंजूर." सगळे गप्प. मी मनात म्हटलं, सुटले बाई!

भाऊ लिहीत होता. सेक्रेटरीने सभेत बोलायचं नाही, लिहायचं, अशी आमची रीत. त्याने मान वर केली. "काय लिहू?"

"नेहमीचंच. एकमताने."

"मत कुणी दिलंच नाही."

"अहो, तुमचा नवा नियम अजून झालाय कुठे?"

"एका सभासदाने मागितलं तर जुन्या नियमातही मतं घ्यावी लागतात. मी सभासद आहे. मागतो."

आणि तो एकेकाला विचारत गेला. पहिला म्हणाला, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा." भाऊ म्हणाला, "तसं लिहिता येत नाही. हवी की नको?" आवाजात राग नाही, जोर नाही, काही नाही. तो माणूस चुळबुळला आणि म्हणाला, "नको. नियम सगळ्यांना सारखा असू दे." मग मागून धडाधड नको, नको सुरू झालं. इतकी वर्षं हे लोक काय गिळून बसले होते देव जाणे.

तो माझ्यापाशी आला. "तुमचं मत?" मला, सख्ख्या बहिणीला, तुमचं!

"हवी," मी म्हटलं.

त्याने लिहिलं आणि पुढच्याकडे वळला.

दुरुस्ती पडली. नवी घटना मंजूर झाली. सेक्रेटरीसाठी दुसऱ्या रांगेतल्या एका बाईचं नाव सुचवलं गेलं. ती उभी राहिली, मला मान्य आहे म्हणाली, आणि भावाने खिशातून ऑफिसच्या किल्ल्या काढून तिला दिल्या.

रस्त्यावर आल्यावर मी सुटलेच. "झालं समाधान? आता सकाळी उठून जाणार कुठे तू? मी मेली तुझ्यासाठी त्या अध्यक्षाच्या बाजूला बसले, सगळ्यांच्या देखत, आणि तू..."

"माहीत आहे. तुझं मत मीच लिहिलं."

"मग कशाला केलंस हे?"

तो चालायचा थांबला. "ताई, मला काहीच वाटत नाही गं. बसवलं की बसतो. कुणी उठवलं नसतं तर मी तिथेच बसून राहिलो असतो. तू काही मला उठवणार नव्हतीस."

खरं होतं. मी त्याच्या बाजूने मत दिलं, असं मला वाटत होतं.

थोडं चालून गेल्यावर त्याने विचारलं, "दुकान किती वाजता उघडतं गं आपलं?"

"साडेनऊला," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. माझ्या हातातली पिशवी त्याने घेतली आणि माझं संपेपर्यंत शेजारी उभा राहिला.