विहिरीवरचा सव्वा तास

प्रश्न मीच तयार केला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणायचे, म्हातारा दुसऱ्यांच्या डोक्यावर खापर फोडायलाय. 'आपण कोणत्या विहिरीचे पाणी पिता?' एवढाच प्रश्न. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्या सुमाराची गोष्ट. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी, हातात छापील फॉर्म, मनगटावर नवंकोरं घड्याळ. आमच्या प्राध्यापकांनी मला पालमकडच्या एका खेड्यात पाहणीला धाडलं होतं. पाटलापासून गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, गावविहिरीचं. मला लय आनंद झाला.

ती विहीर माझ्या ओळखीची होती. निजामाविरुद्ध लढलेले आमच्याकडचे एक पुढारी होते, त्यांच्यामागं मी झेंडा घेऊन फिरलेलो. त्यांनीच ती सगळ्यांना खुली केली होती. वस्तीतल्या एका बाईच्या हातात दोर दिला, स्वतः शेजारी उभे राहिले, तिनं एक पोहरा शेंदला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आम्ही जीपमधून परत आलो.

फॉर्म भरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सहज विहिरीकडं गेलो, तर तीच बाई काठापासून लांब, खाली मातीत बसलेली. पुढ्यात रिकामी घागर. वर गावातल्या बाया पाणी शेंदत होत्या, भरून नेत होत्या. "पाणी वाढा की वो माय," ही मधूनमधून म्हणायची. कुणाच्या मनात आलं तर लांबूनच हिच्या घागरीत धार सोडायची. म्हणजे पाणी गावविहिरीचंच! फॉर्मात खोटं एक अक्षर नव्हतं. मी वही काढली आणि घड्याळ बघत बसलो.

"काय लिवायलाव, मास्तर?" तिनं विचारलं.

"तुम्ही किती वेळ बसलात, ते."

ती उठून जवळ आली. "सून बाळंत झालीय. घरात थेंब न्हाई. तुमी नुसतं हितं हुभं ऱ्हावा, म्या शेंदते. त्या दिशी पुढारी हुभे व्हते तर कुणाची बोलायची टाप न्हवती."

अभ्यासकानं बघावं, ढवळाढवळ करू नये, असं प्राध्यापकांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. "मावशी, मला तसं करता येत नाही," मी म्हणालो. शास्त्राचं नाव पुढं केलं, पण खरं कारण वेगळंच होतं. माझी दोन वेळची जेवणं पाटलाच्या घरी होती. ती परत जाऊन बसली. सव्वा तासानं तिची घागर भरली, आणि मी तेवढं टिपून वही मिटली.

मग परभणीत परिषद भरली. काय तो थाट! प्राध्यापक म्हणाले, समाजशास्त्रज्ञानं झेंडा हातात घेतला की त्याची नजर मेली. पुढारी टेबलावर हात आपटून म्हणाले, ज्याला झेंडा नको त्याचं शास्त्र घाला चुलीत. दोन तास जुंपली होती. आणि दोघांच्याही हातात तक्ता मात्र एकच, सगळं गाव एकाच विहिरीचं पाणी पितं असं सांगणारा, माझ्या फॉर्मांवरून केलेला. एकाला त्यात शास्त्र दिसलं, दुसऱ्याला चळवळीचा विजय. सव्वा तासाचं ते पान मी आधीच दोघांना दाखवलेलं. प्राध्यापक म्हणाले होते, "एका बाईची एक सकाळ. हा नमुना होत नाही." पुढारी म्हणाले होते, "विरोधकांच्या हातात कोलीत द्यायचंय का तुला?" तरी मी ते वाचायला उठलो. दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं. मी खाली बसलो. त्या मांडवात भांडणाऱ्या त्या दोघांचं एवढं एकच एकमत झालं, आणि ते मी होऊ दिलं. थू माझ्या जिंदगानीवर!

दोनेक वर्षांनी पूर्णेला गाडी बदलायची होती. वेळ होता, तहान लागली होती, म्हणून रेल्वेच्या वस्तीतल्या नळाकडं गेलो. नळावर ती होती. मला तिनं लगेच ओळखलं. तिचा लेक रेल्वेत गँगवर लागला होता. गाव का सोडलं, विचारलं तर घागर विसळता विसळता म्हणाली, "तुमी गेलाव, अन् दुसऱ्या दिशी म्या एकलीनंच शेंदलं. गावानं घागर फोडली मपली. लेकाला कामाला बोलवायचं बंद केलं. मग काय खायाचं तितं?"

मी एवढंच म्हणालो, "मावशी, जरा पाणी देता का?"

"बसा तितं," ती म्हणाली. "खाली."

मी मातीत बसलो. तिनं एक घागर भरली, घरात ठेवून आली. दुसरी भरली. मग हंडा लावला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. घसा कोरडा पडला तेव्हा मी पुन्हा म्हणालो, "मावशी, पाणी..."

"घड्याळ हाय न्हवं हाताला?" ती म्हणाली. "मग लिवा, किती येळ बसलाव ते."