बनाबाईच्या अकरा टोप्या

साताऱ्यात सदर बझारच्या मागच्या गल्लीत ज्यू लोकांचं एक लहानसं प्रार्थनालय आहे. गल्लीतले लोक त्याला ‘शनवारचं देऊळ’ म्हणतात, कारण ते शनिवारी उघडतं. उघडते बनाबाई. झाडते बनाबाई, पितळी दिवे चिंचेनं घासते बनाबाई, शुक्रवारी तासगावचे बेदाणे भिजत घालून, कुस्करून, गाळून शाब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, आशीर्वादाचं सरबत करते तीही बनाबाई. आणि या सगळ्याचे अध्यक्ष आहेत बेंजामिनसाहेब किहीमकर.

बनाबाई स्वतः ज्यू नाही. ती माण तालुक्याची, म्हसवडच्या अलीकडच्या वाडीतली, मेंढपाळाची पोर. नवरा मुंबईला गोदीत हमाली करायचा, तो तिकडंच काविळीनं गेला. तेव्हा सहा वर्षांच्या सूरजला काखोटीला मारून ती साताऱ्यात आली आणि एका शाळेत झाडू मारायला लागली. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिम्हाबाई नागावकर. एक दिवस सिम्हाबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाल्या, “आमच्या प्रार्थनालयाला माणूस हवंय. मागे दोन खोल्या आहेत. तुझ्या मुलाची फी मी बघते.” त्याला पंचवीस वर्षं झाली. सूरज आता फौजेत आहे. सून रेश्मा त्या दोन खोल्यांत शिवणकाम करते.

साताऱ्यात ज्यू पुरुष उरले होते अकरा. सामुदायिक प्रार्थनेला धर्माप्रमाणे लागतात दहा. दहा भरल्याशिवाय तोऱ्याची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटातून बाहेर काढून वाचायची नाही, मयताच्या नावानं कद्दीशचा पाठ म्हणायचा नाही. म्हणजे एका वेळी एकाच माणसाला रुसायची मुभा. पण रुसायची हौस अकरांनाही होती, आणि त्यासाठी नंबर लावण्याची शिस्त एकालाही नव्हती.

त्यात त्यांच्यापैकी एलदाद दोन वर्षं इस्रायलला राहून परत आला. तिथं त्यानं नेमकी कसली नोकरी केली हे कुणाला नीट कळलं नाही, पण येताना नियम मात्र भरपूर आणले. शाब्बाथला फोन नाही, रिक्षा नाही, बटण दाबणं नाही. आणि बनाबाईला ‘पंखा लावा’ असं सरळ सांगायचंही नाही, नुसतं सुचवायचं. तेव्हापासून मंडळी छताकडं बघून “आज फार उकडतंय, नाही?” म्हणायची आणि बनाबाई पंखा लावायची. एकदा ऐन डिसेंबरात एक पाहुणे सहज बोलून गेले, “साताऱ्यात पूर्वीसारखी थंडी नाही राहिली.” बनाबाईनं पंखा पाचावर नेऊन सोडला. सगळी प्रार्थना मंडळींनी कुडकुडत म्हटली, पण बंद करायचं कसं सुचवावं हे एलदादलाही सुचलं नाही.

त्याचा आणखी एक नियम होता. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत. बनाबाईला हे नवीन नव्हतं. तिचा बापही मेंढरं तोंडानं मोजायचा नाही, दृष्ट लागते म्हणून. दाराशी पेटीत अकरा काळ्या मखमली टोप्या असायच्या, प्रत्येकीला आतून नाव शिवलेलं. किती टोप्या उरल्या ते ती बघायची. “मी मान्सं न्हाई मोजत, टोप्या मोजती,” ती सांगायची. त्यावर एलदादनं पुस्तकं चाळली. टोप्यांना हरकत कुठं सापडली नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉलला रंग दिला. रंगासाठी हलवलेल्या खुर्च्या परत मांडताना हन्नोककाका झिराडकरांची खुर्ची पंख्याखालून दोन फूट सरकली, आणि पंख्याखाली आली बेंजामिनसाहेबांची. एक बांधकाम खात्यातून निवृत्त ओव्हरसियर, दुसरे रेल्वेतून निवृत्त स्टेशन मास्तर. दोन फुटांचं महत्त्व दोघांनाही चांगलं ठाऊक. हन्नोककाका तडक उठले. आपली टोपी उचलून घरी घेऊन गेले. अकरा माणसांच्या समाजात याचा अर्थ युद्ध.

त्यानंतरच्याच शनिवारी सिम्हाबाईंच्या नवऱ्याच्या मृत्यूचा वर्षदिन आला. मुलगा तिकडं इस्रायलात अश्दोदला, त्याला रजा नव्हती. त्याच्याऐवजी एलदाद कद्दीश म्हणणार होता. सिम्हाबाई गुडघे दाबत अठरा पायऱ्या चढून बायकांच्या सज्ज्यात जाऊन बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर. हॉलमध्ये बायकांनी बसायचं नाही, आणि दहांत त्यांना धरायचं तर नाहीच.

साडेनऊ वाजले. बनाबाईनं पेटीत डोकावलं. एकच टोपी उरली होती, ती कडेगावच्या साखर कारखान्यातल्या केमिस्टची. गळीत हंगाम चालू, तो काही यायचा नव्हता. आणि हन्नोककाकांची टोपी हन्नोककाकांच्या घरी. म्हणजे हॉलमध्ये नऊ.

“मी आणती काकास्नी,” बनाबाई म्हणाली.

“काही गरज नाही,” बेंजामिनसाहेब म्हणाले. “ज्याला देवाची चाड नाही त्याच्या पाया पडायला कुणी जायचं नाही.”

“आवं सायेब, बाईंच्या मालकांचा दिवस हाय.”

“मग ते हन्नोकला कळायला हवं.”

तोवर हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली होती. एकाला साखरेची गोळी घरी राहिल्याचं आठवलं. एकाकडं पाहुणे यायचे होते. एक जण नुसताच उभा राहून टोपी काढायला लागला. बनाबाईनं वर पाहिलं. सिम्हाबाई कठड्यावर हात ठेवून बसल्या होत्या. खालचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू जात होता. पस्तीस वर्षं ज्या बाईनं शेकडो पोरांना एका शिट्टीत रांगेत उभं केलं, ती आज दहावा माणूस मागायला तोंड उघडू शकत नव्हती.

बनाबाईच्या बापाची दीडशे मेंढरं होती. एखादं मागं राहिलं तर बाप तसाच पळत सुटायचा नाही. आधी बाकीच्यांना वाघरीत घालायचा, जाळी चारी बाजूंनी आवळायचा, आणि मग शोधायला निघायचा. नाहीतर एक आणायला जावं आणि मागं चाळीस पांगावीत. बनाबाई बाहेर आली, लोखंडी जाळीचं दार तिनं ओढून घेतलं आणि कुलूप घातलं.

“अहो! हे काय?” बेंजामिनसाहेब जाळीशी धावले.

“आलेच मी. तवर काय म्हनायचं ऱ्हायलं आसंल ते म्हना.”

“बनाबाई, कुलूप काढा! मी पोलिसांना फोन करीन!”

“शाब्बाथ आहे, काका,” आतून एलदाद म्हणाला. “फोन चालत नाही.”

वर्षभर ज्या नियमांवरून सगळे एलदादच्या नावानं खडे फोडत होते, त्यांतला एक त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

हन्नोककाकांचं घर पंधरा मिनिटांवर. बनाबाईनं ते आठांत गाठलं. काका ओट्यावर पेपर वाचत बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, बूट पॉलिश केलेले, डोक्यावर मखमली टोपी. पेपर कालचा होता.

“चला काका. नऊच हायेत.”

“असू देत. मी नाही येणार.” त्यांनी पान उलटलं. “बेंजामिन स्वतः आला पाहिजे.”

“त्ये न्हाई यायचं.”

“बघा! एवढी मग्रुरी!”

“मग्रुरी न्हाई वो. त्यास्नी येता येईना. मी कुलपात घातल्यात.”

पेपर खाली आला. “कुणाला?”

“समद्यांस्नी.”

“बेंजामिनलासुद्धा?”

“जाळी धरून उभं हायेत.”

हन्नोककाकांना गेली सहा वर्षं दोन्ही गुडघ्यांचा त्रास होता. सोसायटीच्या बैठकीलाही ते रिक्षानं जायचे. त्या दिवशी ते बनाबाईच्या चार पावलं पुढं चालत होते.

प्रार्थनालयाशी आल्यावर मात्र ते थांबले. हात मागं बांधून, जाळीसमोर उभे राहून त्यांनी तो देखावा डोळे भरून पाहिला. “काय बेंजामिन, वारं लागतंय ना तिथं?” त्यांनी चौकशी केली. बेंजामिनसाहेबांनी उत्तर द्यायच्या आत बनाबाईनं कुलूप काढलं आणि काकांच्या पाठीला हात लावून त्यांना आत लोटलं. दहा झाले.

कपाट उघडलं. चांदीच्या घुंगरांचा आवाज करत गुंडाळी बाहेर आली. ज्यांना गोळ्या आणि पाहुणे आठवले होते तेही पुढं सरकून तिला हात लावून बोटांचं चुंबन घेत होते. शेवटी एलदादनं कद्दीश सुरू केला. बनाबाई दाराच्या बाहेर उभी होती. तिला शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, पण ‘आमेन’ कुठं येतं हे इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. पहिल्या आमेनला वरून सिम्हाबाईंचा आवाज आला, सगळ्या पुरुषांपेक्षा मोठा. पुढच्या आमेनला तो आलाच नाही. बनाबाईनं वर बघायचं टाळलं.

समाजानं या उपकाराची परतफेड दुसऱ्याच दिवशी केली. रविवारी तातडीची सभा भरली आणि बनाबाईला नोटीस निघाली. रेश्मानं ती वाचून दाखवली. ‘आपण काल सकाळी ९.५० ते १०.२० या वेळेत संस्थेच्या नऊ सन्माननीय सभासदांच्या मुक्त संचारास प्रतीबंध केलात. यापुढे सभासदांच्या ऊपस्थितीत कोणताही हस्तक्षेप करू नये.’ खाली दहा सह्या. कडेगावच्या केमिस्टनं प्रकार पाहिला नव्हता, तरी त्यानं फोनवरून पाठिंबा कळवून सही करायला सांगितली होती. आणि हन्नोककाकांची सही होती, ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदार’ म्हणून. एलदादनं तेवढी सही केली नव्हती. तो म्हणाला, कुलपाबद्दल अजून पुस्तक बघायचंय.

“म्हंजी काय गं?” बनाबाईनं विचारलं.

“म्हंजी आत्या, तुमी आता कुनाला बोलवायला जायाचं न्हाई.”

“झ्याक झालं. माजंबी गुडघं दुकत्यात.”

ती नोटीस सिम्हाबाईंनी मागवून घेतली. लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुकांना गोल केले, खाली ‘पुन्हा लिहून आणा’ असा शेरा मारला आणि बेंजामिनसाहेबांकडं परत धाडली.

बनाबाईनं नोटीस तंतोतंत पाळली. पुढल्या शनिवारी दार उघडलं, दिवे लावले आणि ती पायरीवर बेदाण्याच्या काड्या निवडत बसली. सात आले. त्यापुढल्या शनिवारी पाच. तिसऱ्या शनिवारी चार, त्यांतल्या दोघांना वाटलं होतं प्रार्थनेनंतर जेवण आहे. तिन्ही वेळा कपाट बंदच राहिलं. प्रत्येकानं दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी काळजी व्यक्त केली.

चौथ्या शनिवारी परदेशातून पाहुणे यायचे होते. बेंजामिनसाहेबांनी त्यांना पत्रातून कळवलं होतं, की आमचा समाज लहान पण नियमित आहे. बुधवारी पुन्हा सभा भरली. नोटीस मागं घेणं अपमानाचं झालं असतं, म्हणून ती तशीच ठेवून एक ठराव केला, की श्रीमती बनाबाई यांची ‘उपस्थिती समन्वयक’ या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. पद मानाचं, म्हणजे पगार होता तेवढाच. बेंजामिनसाहेब स्वतः कागद घेऊन आले.

“हे मोठं पद आहे, बनाबाई.”

“आसंल की. पर माज्या दोन गोष्टी हायेत. येक, ज्याला यायाचं न्हाई त्येनं शुक्रवारी दुपारपातूर सांगायचं. रुसून घरी बसायचं आसंल तरी सांगायचं.”

“आणि दुसरी?”

“बाईंनी जिना चढायचा न्हाई. खाली जागा करा.”

बेंजामिनसाहेब म्हणाले, हे परंपरेत बसत नाही. एलदादला विचारलं. त्यानं दोन रात्री पुस्तकं उलटीपालटी केली आणि सांगितलं, मध्ये पडदा असला तर बसतं. पडदा रेश्मानं शिवला. परंपरेला चार मीटर कापड लागलं.

पाहुणे आले तेव्हा हॉलमध्ये अकराच्या अकरा जण हजर होते. कडेगावचा केमिस्टही शुक्रवारीच एसटीनं येऊन मागच्या पडवीत झोपला होता. बेंजामिनसाहेबांनी पाहुण्यांना समाजाच्या एकोप्यावर अर्धा तास सांगितलं. हन्नोककाका मान डोलवत होते.

गेल्या श्रावणात हन्नोककाका झोपेतच गेले. त्यांच्या कद्दीशला सगळे पावणेनऊलाच येऊन बसले, न बोलावता. माणूस गेल्यावर वेळ पाळण्यात आपले लोक चुकत नाहीत. आता पुरुष बरोबर दहा उरले. रुसायची सोय संपली, आणि गंमत अशी की हौसही गेली. बेंजामिनसाहेबांनी आपली खुर्ची पंख्याखालून काढून भिंतीला लावली. तिथं वारं येत नाही, उन्हाळ्यात त्यांचा शर्ट पाठीला चिकटतो, पण ते तिथंच बसतात.

परवा शुक्रवारी बनाबाई दिव्यांत तेल घालत होती. बेंजामिनसाहेब काठी टेकत आत आले. थोडा वेळ उगाच भिंतीवरची संस्थेची पाटी वाचत उभे राहिले.

“उद्या मला बोलवायला या,” ते म्हणाले.

“आवं सायेब, तुमीच तर समद्यांच्या आदी येताय.”

“हो, येतो. तरी या.”

बनाबाईनं तेलाचा हात पदराला पुसला. “किती वाजता येऊ?”

“साडेआठ. आणि जरा मोठ्यांदा हाक मारा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे.”

शनिवारी साडेआठला तिनं त्यांच्या फाटकाशी उभं राहून अशी हाक दिली, की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. बेंजामिनसाहेबांनी बाहेर यायला चांगली पाच मिनिटं लावली.