एव्हरीडे कैरी

आमचा कारखाना खोक्यांचा. द्राक्षं भरायची पुठ्ठ्याची खोकी. खोकं दुमडून सपाट केलं की शेकडो एका कोपऱ्यात मावतात, पण किस्से सपाट होत नाहीत हो, ते जागा अडवतात! आडगाव नाक्याच्या पुढे, बिलिंगच्या टेबलावर बसून मी इतके गोळा केलेत की नवरा विचारतो, तू पगारासाठी जातेस की गप्पांसाठी? दोन्हीसाठी, असं मी सांगते. त्यातले हे फक्त चाकूचे.

*

अण्णा म्हणजे आमचे सुपरवायझर. निफाडचे. गळ्यात तुळशीची माळ आणि पँटच्या उजव्या खिशात घडीचा चाकू. कारखान्यात कटर ढिगाने पडलेत, पण अण्णांच्या लेखी कटर हे हत्यारच नाही. "धार गेली की मोडून फेकायचं? ब्लेड हाय ते," म्हणायचे. सुतळी, पॅकिंगची पट्टी, माझी पेन्सिल, डब्यातला कांदा, सगळ्याला तो एकच चाकू. कोणी मागितला तर आधी काय कापायचंय ते विचारायचे, आणि उत्तर पटलं नाही तर स्वतः येऊन कापून द्यायचे.

एकदा धाकट्या शेठचा वाढदिवस होता. केकसोबत आलेला प्लास्टिकचा चाकू चॉकलेटच्या थरातच तुटला. अण्णांनी आपला काढला, रुमालाला पुसला आणि केकशेजारी ठेवला. शेठनी केक कापून पहिला तुकडा वडिलांना भरवला. मोठे शेठ बराच वेळ चावत राहिले.

मग म्हणाले, "चांगलाय. कांद्याचा आहे का?"

*

विलास आमचा टेम्पोवाला. मूळचा सटाण्याकडचा, निफाडला अण्णांच्याच गल्लीत खोली घेऊन राहणारा. रोज दोघं टेम्पोतून एकत्र येत, एकत्र जात. डबा एकच, अण्णांच्या घरून आलेला. अण्णांना मूलबाळ नाही, विलासला वडील नाहीत. बाकी मी काय सांगू? अण्णा काही न विचारता चाकू देत, असा कारखान्यात तो एकटाच.

तेच नडलं. दिवाळीच्या आधी टेम्पोच्या डिझेलच्या टाकीचं झाकण अडकलं. विलासने फटीत चाकू घातला, जोर लावला आणि पातं मधोमध मोडलं. बरं, मोडल्याचं अण्णांना वाईट वाटलं असतं आणि ते विसरलेही असते. पण अण्णा तो तुकडा हातात घेऊन बघत उभे राहिले, तेव्हा हा शहाणा घाबरून काय बोलून गेला? "एक चाकू तर होता अण्णा. एवढं काय त्यात?"

अण्णा दुसऱ्या दिवसापासून एसटीने यायला लागले.

*

तेव्हापासून माझं टेबल म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज झालं. अण्णा टेबलाच्या एका बाजूला, विलास दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. अण्णा म्हणणार, ताई, त्याला सांगा, पिंपळगावची गाडी आधी भरायची. मी मान वर करून विलासला सांगणार. विलास म्हणणार, मॅडम, त्यांना सांगा, पिंपळगावची खोकी अजून स्टिचिंगला आहेत, पिना मारायच्यात. मी मान फिरवून अण्णांना सांगणार. माझी मान दुखायला लागली, खोटं नाही सांगत.

एक दिवस मी कंटाळले. अण्णांनी निरोप सांगितला, मी गप्पच बसले. शेवटी विलास म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, मला ऐकू आलं म्हणून."

*

खिसा रिकामा झाल्यापासून अण्णांचा हात सारखा तिकडे जायचा. जायचा आणि तसाच परत यायचा. बघवत नव्हतं. म्हणून नवीन चाकू शोधायचा ठराव झाला, आणि धाकट्या शेठना उधाण आलं. ते दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ बघणारे. म्हणाले, अण्णा, आता साधा चाकू कोणी घेत नाही. आता 'एव्हरीडे कॅरी' घेतात. म्हणजे रोज खिशात बाळगायचं हत्यार, हे मला मागाहून कळलं.

अण्णांनी जरा विचार केला. "शेठ, कैऱ्या उन्हाळ्यात येत्यात. रोज कुठल्या आणायच्या?"

झालं! तेव्हापासून कारखान्यात त्या चाकूचं नाव 'कैरीचा चाकू'. शेठनी ऑनलाइन मागवला तो आला. काळंकुट्ट पातं, बटण दाबलं की खट्‌कन बाहेर. अण्णा दोन पावलं मागे सरले. शेठ कौतुकाने दाखवत होते, हा स्क्रू ड्रायव्हर, ही कानस, हा बाटली उघडायचा. बाटली म्हटल्यावर अण्णांनी हात मागेच घेतला. म्हणाले, मी माळकरी माणूस, हे खिशात घेऊन फिरलो तर लोक काय म्हणतील? शेठ म्हणाले, अहो सोड्याची बाटली उघडा!

"सोडा कशात घालत्यात ते ठाऊक हाय मला," अण्णा म्हणाले. चाकू परत गेला.

*

दुसरा चाकू अण्णांनी स्वतः निफाडच्या बाजारातून घेतला. दिसायला जुन्यासारखा होता, पण उघडल्यावर पातं आपोआप लॉक होणारा. हे दुकानदाराने सांगितलं नाही. सकाळी एसटी स्टँडवर अण्णांनी पेरू कापायला तो उघडला, आणि मग काही केल्या मिटेना. तेवढ्यात बस लागली. उघडा चाकू पिशवीत टाकावा तर पिशवी फाटायची, खिशात टाकावा तर मांडी. शेवटी अण्णा तो तसाच हातात धरून बसमध्ये चढले.

बस गच्च भरलेली, माणसं दारात लोंबकळत होती. अण्णांच्या शेजारची जागा मात्र आडगावपर्यंत रिकामी. एका आजीबाईंनी उभं राहूनच प्रवास केला. कंडक्टरने लांबूनच हात लांबवून तिकीट दिलं आणि म्हणाला, "काका, ऐसपैस बसा. सगळी सीट तुमचीच."

कारखान्यात अण्णा हे सांगत असताना आतली पत्ती सरकवून धाकट्या शेठनी तो मिटवला, आणि अण्णांनी तो त्यांनाच देऊन टाकला. विलास दारात उभा राहून सगळं ऐकत होता. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबलं आणि पाणी येतच राहिलं, तेव्हा तो टेम्पोकडे निघून गेला.

*

सीझन ऐन भरात असताना विलासने मला सांगितलं की त्याला चाकणच्या एका कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागलीय, महिनाअखेरीला जाणार. म्हणाला, इथे अण्णा बोलत नाहीत आणि निफाडात ते दिसले की मलाच रस्ता बदलावा लागतो, कशाला राहू? अण्णांना सांगू नका, अशी शपथ घातली. मी लगेच जाऊन अण्णांना सांगितलं. अशा शपथा पाळायच्या नसतात.

अण्णा बराच वेळ सुतळीचा गुंडा गुंडाळत बसले. मग म्हणाले, ताई, आज जरा बाजारात येता का, चाकू बघायचाय. एवढ्यावर विषय संपवला.

भांडी बाजारात एका दुकानदाराने डझनभर चाकू मांडले. अण्णा म्हणाले, कापल्याशिवाय कसं कळणार? बाहेरच्या गाडीवरून पेरू आणले आणि एकेका चाकूने एकेक कापायला सुरुवात केली. दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाईकांना फोडी वाटल्या. नोकरांना दिल्या, मला दिल्या, कळशी घ्यायला आलेल्या बाईच्या मुलाला दिल्या. एकाची मूठ बारीक, एकाचं पातं हलतं, एकाला नुसता चकचकाट. मी वैतागून म्हटलं, अहो अण्णा, एक तरी पसंत करा.

अण्णा पेरूची फोड हातात धरून म्हणाले, "विलास असता तर टिचकी मारून सांगितलं असतं त्यानं, लोखंड कसं हाय ते." चाकू निवडायला नव्हते आले हो ते, विलास नसताना आपल्याला निवडता येत नाही, एवढंच त्यांना कळून चुकलं होतं.

एकही न घेता आम्ही उठलो. दुकानदाराने सगळी पाती पुसली, हात जोडले आणि म्हणाला, "काका, उद्या पण या. तिखट-मीठ आणून ठेवतो."

*

आता शेवटचा.

विलासचा तो शेवटचा दिवस. दुपारी टेम्पोची चावी द्यायला माझ्या टेबलाशी आला. अण्णा समोरच गठ्ठे मोजत होते, म्हणजे मोजल्यासारखं करत होते. पाठ विलासकडे. विलासने चावी ठेवली पण गेला नाही. खिशातून एक चाकू काढला. गावाकडच्या लोहाराकडून करून आणलेला, बाभळीच्या लाकडाची मूठ, साधं जाड पातं, ना बटण ना स्क्रू ड्रायव्हर. जाऊन अण्णांच्या मागे उभा राहिला. तो घाबरला की त्याची अहिराणी बाहेर येते.

"अण्णा, तुमनाकरता शे," म्हणाला, आणि चाकू पुढे केला.

अण्णा वळले. स्टिचिंग मशीन कोणी बंद केलं देव जाणे, पण सगळा कारखाना बघायला लागला. अण्णांनी चाकू बघितला. मूठ बघितली, पातं बघितलं. डोळे भरले होते, मला टेबलावरून दिसत होते. पण हात काही पुढे केला नाही. विलासचा हात तसाच अधांतरी. चेहरा पार उतरला बिचाऱ्याचा. मला तर वाटलं, संपलं सगळं. मी निरोप पोचवायला नेहमीसारखी मान वर केली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट विलासकडे बघून, चाकू मोडल्यापासून पहिल्यांदा बोलले, "येड्या, हातात नको देऊ. तिथं टेबलावर ठेव, मी उचलतो. चाकू असा हातात दिला की भांडण होतं."