फौजदारबाई लेकीच्या गाडीत

फौजदारबाई हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण शोभतं मात्र अगदी. मोटारहोम भाड्याने देणाऱ्या एका आवारात त्या कामाला होत्या. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घरच की. आत झोपायला बिछाने, गॅसची शेगडी, एवढंसं न्हाणीघर. लोक पोराबाळांना घेऊन त्यातून महिना महिना भटकून येत, आणि गाडी परत आवारात शिरली की बाईंची पाळी. आत चढायचं आणि बघायचं, काय मोडलं, काय फुटलं, काय लपवलं.

हो, लपवलंच. बाईंच्या मते गाडी परत देणारा माणूस लबाड असायचाच. बाप म्हणायचा, "काकू, नेली तशीच आणलीय बघा," आणि त्याच्या मागे उभ्या पोराच्या मुठीत रंगीत खडू. चादर जरा जास्तच नीट अंथरलेली दिसली की बाई आधी ती उचलायच्या. टाचेने जमीन ठोकायच्या, खाली पाणी मुरलंय का. कपाटात डोकं घालून वास घ्यायच्या, आणि आंबट वास आला की समजायच्या, कुण्या पोराला घाटात गाडी लागलीय. मग आईबाप कितीही नाकाने कांदे सोलोत. बहुतेक वेळा बाईच बरोबर निघत, त्यामुळे आपण चुकू शकतो हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं.

अशात लेकीने मोटारहोम घेतलं. भाड्याने नव्हे, विकत, जुनं, आणि तेही आईला न विचारता. जावई संगणकावर घरांचे आराखडे काढून द्यायचा, ते काम कुठेही बसून होतं. लेक, जावई, सहा वर्षांची चिऊ आणि तिचा धाकटा भाऊ ठोंब्या असे चौघे निघाले. "उन्हाळा संपला की येतो," लेक म्हणाली. उन्हाळा संपला. मग म्हणाली, थंडी पडायच्या आत येतो. थंडी पडली. विचारावं तर "बघू गं आई" यापलीकडे ताकास तूर लागू देत नव्हती.

नवरा गेल्यापासून बाईंचा सगळा जीव त्या दोन नातवंडांत. पोरं आता परत येणारच नाहीत, या भीतीने त्यांना अन्न गोड लागेना. लेकीचं डोकं कुणीतरी फिरवलंय हे तर उघड होतं, फक्त कोण ते कळायचं बाकी होतं. तेवढ्यात लेकीचाच फोन आला, आठवडाभर ये ना आमच्यात म्हणून. बाईंना आनंद झाला. पण त्याच्या आधी मनात आलं ते हे, की आत्ताच का बरं?

गाडी एका तळ्याकाठी उभी होती. चिऊ धावत येऊन बिलगली, ठोंब्याने चिकट हातांनी आजीचा कोट धरला. नातवाला कडेवर घेऊन बाई आत चढल्या आणि चढल्या चढल्या त्यांची टाच जमिनीवर दोनदा आपटली.

"आई," लेक म्हणाली, "ही भाड्याची नाहीये."

"सवय गं," बाई म्हणाल्या, आणि नजर फिरवायला लागल्या.

भिंतीला पुस्तकांची फळी होती, चांगली स्क्रूने पक्की केलेली. परत यायचं असेल तर कुणी गाडीच्या भिंतीला भोकं पाडतं का? बाकाखालच्या कप्प्यात पोरांचे नवेकोरे बूट होते, पायाला बरेच मोठे, म्हणजे सरळ पुढच्या वर्षीचे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दाराजवळचा बिछाना. नवराबायकोचा मागच्या बाजूला, पोरांचे एकावर एक, मग हा कुणाचा? चांगला ठेंगणा, तरी चढायला पायरी, भिंतीला धरायला दांडा, उशाशी दिवा. गादी तर अजून नव्याचा वास मारत होती.

"तू सध्या इथे झोप," लेक म्हणाली.

सध्या. म्हणजे नंतर दुसरं कुणीतरी. पायरी आणि दांडा कुणाला लागतो? गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला. बाईंचे स्वतःचे गुडघे चांगले कुरकुरायचे, पण ते त्यांनी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं, स्वतःजवळसुद्धा नाही. त्यामुळे त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या त्या विहीणबाई, जावयाच्या आई. अस्सं, म्हणजे इथे पाणी मुरत होतं तर. आपली नातवंडं पळवून त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायचा बेत होता.

पुढचे दिवस गाडी चालली. पोरं टेबलाशी पट्टे लावून बसायची, कपाटात ताटल्या खडखडायच्या, ठोंब्या दर वळणाला विचारायचा, "आलं का?" कुठे जायचंय ते मात्र त्याला ठाऊक नसायचं. बाई नातवंडांना सफरचंदाच्या फोडी भरवत आणि आरशातून जावयाचं तोंड न्याहाळत. जावई नको इतका गोड वागत होता. "आई, वेग जास्त होत नाही ना? पायरी उंच वाटत नाही ना? गादी कडक आहे का?" बाई "छान आहे" म्हणत आणि मनात म्हणत, माझ्यावर बरा प्रयोग चाललाय, याच्या आईसाहेबांच्या सोयीसाठी.

एकदा नवराबायको पाणी भरायला उतरले. बाईंनी चिऊला जवळ घेतलं, तिची वेणी घालायला.

"चिऊताई, या बिछान्यावर कोण येणार आहे गं?"

"सांगायचं नाहीये."

"मला सांग की. मी कुणाला नाही सांगणार."

चिऊ जरा घुटमळली. मग म्हणाली, "अजून ठरलं नाही. बाबा म्हणतो येऊ दे. आई म्हणते नको. मग ते भांडले."

बाईंचा जीव भांड्यात पडला आणि रागही आला, दोन्ही एकदम. लेक आपल्याच बाजूची होती. बिचारी एकटी झुंजत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेट्रोलपंपाशेजारी गाडी लावून आतच जेवायला बसले. सूप वाढून झालं आणि बाईंनी तोंड उघडलं.

"जावईबापू, तुमच्या मातोश्री कधी येतायत?"

जावई बावचळला. "माझी आई? ती कशाला येईल? तिला लिफ्टमध्येसुद्धा चक्कर येते."

"मला शेंडी लावू नका. हा बिछाना उगाच नाही केलेला. तुम्हाला त्या हव्यात आणि माझ्या लेकीला नकोत. चिऊनेच सांगितलंय मला."

चिऊचं तोंड एवढंसं झालं. "आजी, तू कुणाला सांगणार नव्हतीस." ती बाकावरून घसरली आणि टेबलाखाली जाऊन बसली.

जावयाने चमचा खाली ठेवला. "आई, तो बिछाना तुमच्यासाठी केलाय. आम्ही अजून दोन-तीन वर्षं फिरणार आहोत. तुम्ही तिथे एकट्या, म्हणून."

बाईंना काय वाटलं म्हणून सांगू. सुख सुख म्हणतात ते अंगभर पसरायला लागलं. पण ते पुरतं पसरलंही नाही तोच दुसरं ध्यानात आलं. बाबा म्हणतो येऊ दे, आई म्हणते नको. त्यांनी लेकीकडे बघितलं.

"हो, मी नको म्हणाले," लेक म्हणाली. "याने फारच लावून धरलं, तेव्हा म्हटलं, आठवडाभर बोलावू आणि बघू."

"म्हणजे तू मला तपासत होतीस."

"होते." लेकीचा आवाज चढला नाही. "शाळेतून आले की तू माझं दप्तर उपसायचीस. मैत्रिणींना गाठून विचारायचीस, ही खरंच तुमच्याकडे होती का. मी खरं बोलायचे गं आई. दर वेळी खरंच बोलायचे. मला तू हवी आहेस, रोज आठवण येते तुझी. पण मला निदान घरात एक खोली होती, दार लावून रडायला. इथे चिऊने कुठे जायचं?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. जावई ठोंब्याला घेऊन खाली उतरला. लेक म्हणाली, "उद्या पुढच्या गावातून तुला बस आहे, तू घरी जा," आणि तीही रडायला लागली.

बाई कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली वाकल्या. चिऊ पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"चिऊ, चुकलं माझं."

चिऊने आजीकडे बघितलं. बराच वेळ, डोळे बारीक करून.

"खरंच चुकलं, का मी बाहेर यावं म्हणून म्हणतेस?"

"खरंच गं," बाई म्हणाल्या.

चिऊ काही बाहेर आली नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत तिथेच बसून राहिली.