फरशीखालचं झाकण

संडास तुंबला, तेव्हा सेप्टिक टँकचं झाकण नेमकं कुठे आहे हे घरात कुणालाच सांगता येईना. मुलीच्या लग्नात अंगण चांगलं दिसावं म्हणून आम्हीच त्यावर फरशी बसवली होती. लाजेपोटी झाकलेलं आपण विसरून जातो. ते मात्र आत भरतच राहतं.

मी पहार घेऊन अंगणभर ठोकत गेलो. तुळशीजवळ पोकळ आवाज आला. फरशी फोडली, तर खाली गंजलेली कडी.

टाकी उपसून झाल्यावर बायको म्हणाली, "आता फरशी पुन्हा बसवून घ्या. आल्यागेल्याला दिसतं."

"दिसू दे. येणारेही जेवतातच, त्यांच्याही घरी टाकी असतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रांगोळी झाकणावरच काढली, कडी मोकळी सोडून.