बबन उबाळ्यांची चार मिनिटं

बबन उबाळे चोवीस वर्षं ढोलकी वाजवत होता आणि एकाही कॅसेटवर त्याचा हात नव्हता.

यात कुणाची लबाडी नव्हती. तो ज्यात वाजवायचा, त्या गायक राजेंद्रच्या गायन पार्टीच्या नऊ कॅसेटी निघाल्या. भीमजयंतीला कल्याणपासून कर्जतपर्यंत त्या वाजत. पण कॅसेट भरायला कंपनी एकट्या राजेंद्रला बोलवायची. ढोलकीवर स्टुडिओचा माणूस आधीच बसलेला असायचा. नंतर तीच गाणी बबन गावोगावच्या स्टेजवर वाजवायचा आणि लोक पाठ थोपटायचे, "वा, अगदी कॅसेटसारखं!" बबन नुसता हसायचा.

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो पिंपं चढवायचा-उतरवायचा. पहिली पाळी संपवून घरी आला की अंघोळ आणि मग एक तास सराव. त्या तासात चहा नाही, पाहुणा नाही. त्याची बायको भागीरथी म्हणायची, "माझ्यासमोर एवढं बसला असतात, तर मीपण तालात आले असते."

"तुला कशाला ताल? तू ताशा आहेस," तो म्हणायचा.

दोन हजार तीन साली त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कोपरात नस दाबली गेलीय. ऑपरेशन करून बघू, पण खात्री नाही. ढोलकी सोडा. बबनने ढोलकी सोडली नाही, हिशोब मांडला. कोमट पाण्यात हात शेकून बसलं की पहिला पाऊण तास बोटं ऐकायची. त्यानंतर लाकूड.

त्याच वर्षी कंपनीनं ठरवलं, राजेंद्रच्या पार्टीचा चालू कार्यक्रम भरायचा. लोकांसमोर, टाळ्यांसकट. पार्टीचा असा पहिलाच अल्बम. जागा ठरली उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पचं मैदान, रविवारी दुपारी चारला. मशीन घेऊन येणार होता प्रीतम, तिथलाच सिंधी, बोलायला मोकळा. त्यानं आधीच सांगून टाकलं.

"काका, खोटं नाय बोलणार. गाण्याच्या मागची ढोलकी कंपनी स्टुडिओत परत भरणार. मैदानात आवाज फाटतो. लेकिन साथीदारांची ओळख होते ना, तेव्हा तुम्ही एकटे वाजवता, ते चार मिनिट जसंच्या तसं ठेवणार. पब्लिकसकट."

चार मिनिटं. बबनने महिनाभर दुसरं काही केलं नाही. चार मिनिटांचे त्याने तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा रोज वीसदा घासला. राजेंद्रला सांगून साथीदारांची ओळख चौथ्या गाण्यानंतर ठेवून घेतली. तोवर पस्तीस मिनिटं होत होती. बोटांकडे दहा उरत होती.

रविवारी तो मैदानात सगळ्यांच्या आधी हजर. प्रीतमचं मशीन स्टेजच्या कडेला, त्याच्यापासून दोन हातांवर. त्यावर लाल दिवा. दिवा पेटलेला म्हणजे भरणं चालू. टेपा मोजक्या होत्या. बबन त्याला म्हणाला, "मधे सत्कार सुरू झाले की बंद कर हं. इथं भाषणं लांबतात. रिकामं मशीन चालवू नये."

कारखान्यातली सवय होती ती. माल नसताना पट्टा फिरताना दिसला की बबन जाऊन खटका पाडायचा. कुणी सांगावं लागत नसे.

"बरोबर बोलले, काका," प्रीतम म्हणाला.

चार गाणी झाली. राजेंद्रचा आवाज लागला होता. मैदान भरलं होतं, बायका पुढं बसल्या होत्या, भागीरथी दुसऱ्या ओळीत. बबनने बोटं हलवून बघितली. ऐकत होती. राजेंद्र ओळख करून द्यायला माइककडे वळला आणि तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष दौलतराव शाली घेऊन स्टेजवर चढले.

"जय भीम! एक मिनिट राजेंद्रभाऊ. चोवीस वर्षं ज्या हातांनी आपल्याला नाचवलं, त्या बबनदादांचा सत्कार केल्याशिवाय पुढं जायचं नाही!"

टाळ्यांचा पाऊस पडला. प्रीतमने खटका पाडला. बबनच्या खांद्यावर शाल आली, हातात गुलाबाचा गुच्छ. दौलतरावांना जोर चढला. "आणि आपला आवाज जो घराघरात पोचवणार, तो आपला सिंधी बांधव, प्रीतमशेठ! या, या, लाजू नका!" प्रीतम हात जोडत वर आला. त्यालाही शाल, त्यालाही गुच्छ.

राजेंद्रला भरून आलं होतं. त्याने माइक ओढून घेतला. "आता बोलायचं काय? बबनदा, होऊ दे!"

लोकांनी आरोळी ठोकली. अशा आरोळीवर थांबणारा ढोलकीवाला अजून जन्मला नाही. बबनचा गुच्छ खाली गेला आणि हाताने थाप दिलीसुद्धा.

आणि हात असा पडला, जसा आजवर कधी पडला नव्हता. महिनाभर घासलेले तुकडे एकाला एक जोडून आपोआप निघत होते. बोटं जिवंत. डाव्या हाताचा घुमारा पार मैदानाच्या कुंपणापर्यंत जात होता. पहिलं मिनिट सरलं तेव्हा बबनने मान वळवली. दिवा विझलेला होता.

त्याने प्रीतमकडे पाहिलं. प्रीतम शाल पांघरून स्टेजच्या मधोमध, डोळे मिटून डोलत होता. बबनने मान झटकली, भुवया उडवल्या, हनुवटीनं मशीन दाखवलं. प्रीतमने डोळे उघडले, त्याला वाटलं काका रंगात आलेत. त्यानेही मान झटकली. "क्या बात है, काका!"

बबन ओरडला. त्याच्याच ढोलकीत ते बुडालं. थांबावं? थांबलं तर लोक गप्प होतील, हात गार पडेल, आणि घड्याळ तर चालूच होतं. तो मशीनकडे बघत वाजवत राहिला, चारही मिनिटं, एकही बोट न चुकवता. शेवटची तिहाई समेवर पडली तेव्हा बायका उभ्या राहिल्या होत्या. भागीरथी पदराने डोळे पुसत होती.

"मशीन," बबन म्हणाला.

प्रीतमचा चेहरा उतरला. "काका, तुम्हीच बोललेला ना, सत्कारात बंद कर म्हणून."

"मीच बोललो."

राजेंद्र म्हणाला, "शेवटी परत घेऊ. जातंय कुठं?" बबनने त्याला बोटांचं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसरा ढोलकीवाला बघितला असता.

पुढची गाणी त्याने अंग चोरून वाजवली, आयुष्यात पहिल्यांदा. उपयोग झाला नाही. सातला कार्यक्रम संपला. दौलतरावांनी लोकांना हात जोडून बसवून घेतलं. लोक बसले, कारण बबनदादांसाठी होतं. प्रीतमने दिवा पेटवला आणि बोट वर केलं.

पहिल्या तुकड्यातच दोन बोटं कातड्यावर नुसती घसटली. दुसऱ्यात बबनने लय उतरवली. तिसऱ्यात नेमका घट्ट विणायचा भाग होता, तिथं भोकं पडली. घामाने शर्ट पाठीला चिकटला. हाताला तो मनातल्या मनात शिव्या देत होता, विनवत होता. लोक टाळ्या वाजवत होते, मघापेक्षा जोरात.

कानातून हेडफोन काढत प्रीतम खाली बघून म्हणाला, "चांगलं आहे, काका. टाळ्या मस्त आल्यात. चालून जाईल."

"पुसून टाक."

राजेंद्र जवळ आला. "वेडा झालास काय? नाव येईल कव्हरवर. हजार घरांत जाईल. कुणी बोटं मोजत बसत नाही."

"मी असली पिंपं गाडीवर चढवत नाही, राजेंद्र. गळकं असलं की बाजूला काढतो."

"काका," प्रीतम म्हणाला, "हे पुसलं तर तुमचं यात काहीच राहत नाही. एक थापपण नाही."

"कळलं. पूस."

प्रीतमने टेप मागे घेतली. बबन तिथंच उभा राहिला, ती पुरती पुसली जाईपर्यंत. मग खाली बसून त्याने ढोलकीच्या दोऱ्या सैल करायला घेतल्या. दोरीवरची कडी उजव्या हातात धरवेना, म्हणून डाव्या हातानं. वेळ लागला. मंडप सोडणारी माणसं त्याच्या भोवतीनं बांबू नेऊ लागली.

भागीरथी गुच्छ घेऊन आली. "अहो, आलं ना सगळं त्यात?"

"नाही आलं."

"मघाचं एवढं छान वाजवलंत ते?"

"ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं की."

"मग कसं होतं सांग," बबन म्हणाला, आणि तोंड फिरवून दुसऱ्या कडीला हात घातला.