गरम परीची ओटी

बोरीहून झरीपर्यंत बैलगाडी, झरीहून परभणीला मोटार आणि तिथून दुसरी मोटार पाथरीची. एवढाच माझा प्रवास. काशी करून आलेली माणसं आमच्या गावात आहेत आणि त्यांच्या गोष्टी अजून संपल्या नाहीत. त्यांच्यापुढं माझं पाथरी म्हणजे काहीच नाही. पण मी जिला भेटायला निघालो होतो ती काशीला नव्हती. ती पाथरीच्या एका जुन्या मोटारखान्यात (मोटारी ठेवायच्या पडवीत) पडून होती, आणि येत्या बाजाराला भंगारवाला तिला तोडून नेणार, असं एका बैलाच्या व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. म्हणून घाई.

बोरीतल्या जुन्या माणसांना ती माहीत आहे. नव्यांसाठी सांगतो. निजामाच्या राज्यात पाथरीकडच्या एका जहागीरदाराच्या पोरानं विलायतेतून शर्यतीची मोटार आणली. लाल रंग, टप नाही, नाकाड लांब आणि अंगावर पांढऱ्या रंगात सात हा आकडा. मुंबईच्या शर्यतीला जाताना आमच्या ओढ्याजवळ ती तापली आणि नाकातून वाफ सोडत उभी राहिली. लोकांनी विचारलं, ही कसली मोटार? ड्रायव्हर म्हणाला, ग्रां प्री. म्हणजे विलायतेतल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीतली. आमच्या लोकांना ऐकू आलं, गरम परी. गरम तर ती होतीच. वर अंगावर सात. बायकांनी ताडलं की ही साती आसरांतली (पाण्यात राहणाऱ्या सात पऱ्यांतली) एक. दुपारपर्यंत तिला हळदीकुंकू लागलं. तिच्या पोटात ड्रायव्हर एरंडेल ओततो हे बघितल्यावर तर शंकाच उरली नाही. एरंडेल पिऊन माणूसही पळतो, पण मुंबईपर्यंत नाही.

माझ्या बायकोनं, गिरजानं, त्या दिवशी परीला नवस बोलला. नंदीच्या कानात सांगतात तसा, मोटारीच्या नाकाशी वाकून. घरी येऊन म्हणाली, परी बोलली माझ्याशी, "हो" म्हणाली. सगळी बोरी हसली. मीही हसलो. काय मागितलंस म्हणून विचारलं, तर म्हणे फळल्याशिवाय सांगायचं नसतं. पुढं मी कितीदा तरी म्हणालो, चल पाथरीला, परीची ओटी भरून टाक एकदाची. तिचं एकच, "आजून येळ न्हाई आली." पोरं झाली, विहिरीला पाणी लागलं, रझाकाराच्या धामधुमीतून मी जिवंत घरी आलो. बाईची वेळ काही येईना.

मागच्या पौषात ती गेली. जीभ जड झाली होती तेव्हा शेवटचं म्हणाली, "परीची ओटी तेवढी भरा आता."

तर पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि आमच्याच बांधावरच्या एरंड्यांच्या तेलाची बाटली घेऊन मी चैतात निघालो. झरीला पुतण्या सोपाननं गाडीतून उतरवलं आणि म्हणाला, "काका, परीला आमचा बी रामराम सांगा." हसत होता. मी चप्पल झटकली आणि मोटारीत बसलो.

परभणीला बांगड्या घ्यायच्या होत्या. कासार (बांगड्या भरणारा) म्हणाला, बाईला आणा, मापाशिवाय कशा देऊ? मी म्हणालो, मोटारीला घालायच्यात. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या बिनकुंकवाच्या घराचा अंदाज आला असावा, गुमान सगळ्यात मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या कागदात बांधून दिल्या.

पाथरीच्या मोटारीत बाटलीचं बूच निघालं. तेल पिशवीतून धोतरावर आणि धोतरावरून शेजारच्या बाईच्या लुगड्यावर. बाई तोंडाची तिखट होती.

"आजोबा, एरंडेल घ्यायचंच होतं तर घरी घ्यावं. मोटारीत कशाला घ्यायलाव?"

सगळी मोटार हसली. मी म्हणालो, मोटारीलाच पाजायचंय. त्यावर कुणी हसलं नाही, बाई थोडी सरकून बसली.

मानवतच्या अलीकडं आमची मोटारही तापली. दोन्ही बाजूंना काढणी झालेली काळी रानं, भेगाळलेली, सावलीला एक बाभूळ. बाभळीखाली भाकरी आणि लसणाचा ठेचा सोडला. त्याला एरंडेलाचा वास लागला होता, तरी खाल्ला. ड्रायव्हर पाणी शोधत हिंडत होता तेवढ्यात एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. शर्यतीच्या मोटारीला भेटायला निघालेल्या माणसाला बैलानं हरवलं.

पाथरीला मोटारखाना लगेच सापडला. जहागिरी गेली, जहागीरदाराचं पोरगं कुठं गेलं कुणाला माहीत नाही. उरला फक्त त्याचा ड्रायव्हर, बशीर उस्ताद. माझ्याच वयाचा, दाढी मेंदीनं लाल. मोटार होती, पण रंग उडालेला, टायर कुजलेले, आणि गादीवर कोंबडी अंड्यावर बसलेली. सात मात्र अजून वाचता येत होता.

गावाचं नाव न विचारताच उस्तादनं मला दगडावर बसवलं आणि सुरू केलं. ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांनी मिळालं असावं. मुंबईच्या शर्यतीला धाकटा मालक गाडी हाकायचा, हा शेजारी बसून हातानं तेल पंपायचा. तिथं एक पांढऱ्या केसांचा इटलीवाला होता. डोक्याला कातड्याची टोपी, तोंड तेलानं काळं, जिंकला की आधी मोटारीचं नाक पुसायचा, मग आपलं. त्याच्या जोडीची कितीतरी माणसं ऐन जवानीत जळून मेली, पण हळू कुणी चालवली नाही. "आणि आता?" उस्ताद म्हणाला. "आता मोटार म्हंजी चाकावरचं कपाट. आत बसायचं, दार लावायचं. वारा बी लागंना तोंडाला."

मग त्यानं विचारलं, कुठून आलात? मी म्हणालो, बोरी. आणि ओटीचं सांगितलं.

उस्ताद आधी हसला, मग एकदम थांबला.

"वड्याजवळची बोरी? लोकांला वाटलं मी पाण्याला गेलो. मी गाडीखाली पडून पाना मारायलो होतो. एक बाई आली. मला निस्ती जोडवी दिसायली. म्हणली, परीबाई, मला ह्यांच्या आधी ने. कुंकवासंगं ने. ह्यांच्या मागं एक दिस ठिऊ नको. रडायली होती बिचारी. मी काय बोलावं? न्हाई म्हणवंना. हो म्हणलो."

कोंबडी गादीवर कूस बदलत होती, मी तिच्याकडं बघत बसलो. अजून वेळ आली नाही, अजून वेळ आली नाही. बरोबरच होतं बाईचं. तिची वेळ आली ती पौषात.

"फळला की नवस," मी म्हणालो. "भारी निघाली तुमची परी."

"मला मालूम असतं तर..."

"तर काय म्हणला असता?"

उस्तादनं दाढी कुरवाळली. "होच म्हणलो असतो," तो म्हणाला.

पिशवी उचलून तसंच परत फिरावं असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू. मागणं तिचं, मिळालं तिला, फटका मला, आणि वर नारळही माझाच. पण तिनं मला आयुष्यात काम सांगितलं ते हे एकच, आणि बाजार परवावर आला होता. मी म्हणालो, ओटी भरायला सवाष्ण लागंल.

उस्तादनं घरात हाक मारली. त्याची बायको खैरूनबी पदर सावरत आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी कुंकू लावत न्हाई. पण नवरा जित्ता हाय माझा, ह्यो काय बसलाय. चालंल?"

"चालंल," मी म्हणालो.

तिनं कोंबडीला अंड्यासकट पाटीत ठेवलं. गादीवर खण, तांदूळ, नारळ मांडले. बांगड्या कुठं भरायच्या म्हणून थांबली. मोटारीच्या बाहेरच्या अंगाला ब्रेकचा दांडा होता, हातासारखा वर आलेला. एक एक करून त्यावर सरकवल्या. अगदी मापात बसल्या. उरलेलं एरंडेल उस्तादनं चिंधीवर ओतून पेटवलं, तो धूर छातीभर घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "ह्योच वास. शर्यतीचा ह्योच वास."

मी नाकाशी वाकलो. वाकताना गुडघे वाजले. हळूच विचारलं, तिकडं गिरजा बरी हाय का? आता खाली कुणी नव्हतं. मागून, माझ्याकडं पाठ करून उभा असलेला उस्ताद म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी परत निघालो. परतीची मोटार तापली नाही, कुणी हसलं नाही, सांगण्यासारखं काही घडलं नाही. धोतर सोड्यात उकळूनही वास जाणार नव्हता, मी ते धुवायला काढलं नाही. पाथरी फार लांब नाही. पण गिरजाच्या ज्या बोलण्याला मी एवढी वर्षं हसलो, ते ऐकायला मला ती गेल्यावर तिथवर जावं लागलं. काशीवाल्यांनी एवढ्यासाठी तरी माझा प्रवास प्रवासात धरावा.

झरीला सोपान गाडी घेऊन उभा होता. बैल जुंपता जुंपता म्हणाला, "काय काका, भेटली का परी?"

"भेटली."

"मग? बोलली का काही?"

"बोलली," मी म्हणालो.

तो बोरी येईपर्यंत हसत होता. मी हसू दिलं.